घरी नेलपेंट मिक्स करायचं किट: सहा महिने वापरून लिहितेय

आमसुली रंगाचं नेलपेंट कुठे मिळतं का हो? मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी तुळशीबागेत निदान दहा-बारा दुकानांत हे विचारलं असेल, आणि प्रत्येक ठिकाणी एकतर मरून पुढे यायचं नाहीतर वाईन. डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न होतं आणि मला आजीची इरकल नेसायची होती, आमसुली अंग, लाल काठ, लाल पदरावर पांढरी नक्षी. ज्यांनी आमसुलं हातात घेतलीयेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते, तो रंग मरून नसतो, जांभळाही नसतो, काळपट लाल असतो पण उन्हात धरला की आतून एक जांभळट झाक येते. दुकानातल्या एका ताईंनी तर खूप मनापासून शोधलं, काउंटरवर वीसेक बाटल्या मांडल्या, पण नाहीच. आपल्याकडे रंगांना किती नावं आहेत बघा, आमसुली, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी, पारवा, शेवाळी, मोतिया, श्रीखंडी, साडीच्या दुकानात यातलं कुठलंही नाव घ्या, समोरचा बरोबर तोच गठ्ठा काढतो, आणि नेलपेंटच्या दुकानात गेलं की सगळं न्यूड, वाईन आणि कोरल. म्हणून मग मी घरी मिक्स करायचं किट मागवलं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. अशी किटं ऑनलाइन बरेच जण विकतात आणि मला जे सांगायचंय ते कुठलंही किट घेतलं तरी उपयोगाला येईल. मी घेतलं ते 1,450 रुपयांना. त्यात 100 मिलीचा सस्पेन्शन बेस (म्हणजे ज्यात रंग मिसळायचे तो पारदर्शक द्रव), 9 मिलीच्या आठ रिकाम्या काचेच्या बाटल्या, लाल निळा पिवळा पांढरा काळा असे पाच लिक्विड रंग, सहा पुड्या मायका म्हणजे अभ्रकाच्या पावडरच्या, तीन ग्लिटर, रंग ढवळायला स्टीलच्या बारीक गोळ्यांची एक पुडी, दोन ड्रॉपर, एक छोटं नरसाळं आणि आइस्क्रीमच्या कांड्या. यायला बारा दिवस लागले कारण हा माल पेट घेणारा म्हणून धरतात, विमानाने पाठवता येत नाही सहजासहजी, रस्त्यानेच येतो. तर लग्नाच्या चार दिवस आधी ऑर्डर करून चालणार नाही, हे आधीच सांगते.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या पसाऱ्यात खरी किंमत कशाची असेल तर त्या बेसची. बाकी रंगबिंग सगळं दुय्यम आहे. मी आधी हेच समजत होते की आपल्याकडचा साधा ट्रान्सपरंट टॉपकोट घ्यायचा, त्यात पावडर टाकायची, हलवायचं, झालं नेलपेंट. करूनही पाहिलं. एका बाटलीत टॉपकोट, दुसऱ्या बाटलीत किटमधला बेस, दोन्हीत अगदी सारखीच तांब्याच्या रंगाची मायका टाकली, दोन्ही खळाखळा हलवल्या आणि रात्रभर कपाटावर ठेवून दिल्या. सकाळी टॉपकोटच्या बाटलीत वर पाण्यासारखा स्वच्छ थर आणि खाली बोटभर साका, आणि बेसवाली जशीच्या तशी, वरपासून खालपर्यंत एकसारखी तांबूस. फरक असा की सस्पेन्शन बेसमध्ये एक खास प्रक्रिया केलेली माती घालतात, हेक्टोराइट किंवा बेंटोनाइट जातीची, त्यामुळे तो नुसता ठेवला की जेलीसारखा बसतो आणि हलवला की पातळ होतो. टोमॅटो सॉसचं कसं असतं, बाटली उलटी केली तर ढिम्म हलत नाही आणि दोन झटके दिले की भसकन येतो, तसंच. बसलेला असतो तेव्हा तो रंगाचे कण अधांतरी धरून ठेवतो आणि ब्रशने ओढलं की सैल होऊन नखावर सपाट पसरतो. टॉपकोटमध्ये ही माती नसते कारण तिथे धरून ठेवायला काही नसतंच. एवढी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर दोन चांगले टॉपकोट वाया गेले नसते.

दुसरी गोष्ट रंगांबद्दल. रंग दोन प्रकारचे असतात, एक विरघळणारा, डाय म्हणतात तो, आणि दुसरा न विरघळणारा, पिगमेंट, जो नुसता कणाकणाने त्यात तरंगत राहतो. नेलपेंटला पिगमेंटच लागतं. 1932 साली न्यूयॉर्कमध्ये रेव्हलॉन सुरू झालं ते याच गोष्टीवर, तोवरची नेलपेंट्स बहुतेक डायवाली, पारदर्शक असायची, यांनी पिगमेंट घातलेलं दाट नखभर झाकणारं नेलपेंट काढलं आणि तेच चाललं. हे सांगायचं कारण म्हणजे घरी करताना पहिला विचार काय येतो, तर किचनमधला खायचा रंग. अजिबात टाकू नका. तो पाण्यात विरघळणारा, आणि नेलपेंटला पाणी चालतच नाही, खायचा लिक्विड रंग टाकला तर गुठळ्या होतात आणि पावडर टाकली तर ती तशीच कणीकणी राहते. माझ्या भाचीने कुंकू टाकून पाहिलं होतं, ते लावताना ब्रशला रवा लागल्यासारखं लागत होतं. आयशॅडो कुटून टाकायची आयडिया पण खूप जण देतात, ती थोडी बरी आहे पण आयशॅडोत पावडर दाबून बसावी म्हणून तेलाचा अंश असतो, त्यामुळे नेलपेंट नीट कडक होत नाही आणि चमक मरते. आणि सिंदूर तर नकोच नको, बाजारच्या सिंदूरमध्ये शिसं सापडल्याचं आपण पेपरात वाचलेलं आहे.

कोरडं पांढरं किंवा लाल पिगमेंट सुटं विकत आणून घोटायच्या भानगडीतही पडू नका. कारखान्यात ते रोलरच्या मशीनमध्ये दाबून दाबून बारीक करतात, आपण खलबत्त्यात कितीही घोटलं तरी तेवढं बारीक होत नाही, नखावर कणी दिसतेच. त्यामुळे किटमध्ये जे आधीच बेसमध्ये घोटून दिलेले लिक्विड रंग आहेत ना, ते खरंच कामाचे आहेत, त्याला पूर्ण मार्क. मायका मात्र सरळ पावडर टाकली तरी चालते, ती आपोआप सुटते. या अभ्रकावर टायटॅनियमचा नाहीतर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर दिलेला असतो, त्याने ती मोत्यासारखी झाक येते.

तर आमसुली. पहिल्या दिवशी मी लाल घेतला आणि त्यात काळा टाकला, थेंबच टाकला एक, आणि सगळं वाटोळं. 8 मिली बेसमध्ये काळ्याचा एक अख्खा थेंब म्हणजे खूप होतो हो, रंग एकदम कॉफीच्या गाळासारखा झाला आणि मग तो सुधारायला लाल वाढव, पांढरा वाढव करता करता दोन बाटल्या भरतील एवढा मातकट रंग तयार झाला जो कुणाच्याच नखाला शोभणार नाही. दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. काळ्याचा एक थेंब आधी वेगळ्या बाटलीत 2 मिली बेसमध्ये सोडला, म्हणजे काळा पातळ करून घेतला, आणि मग त्या पातळ काळ्यातला एकेक थेंब वापरला. निळ्याचंही तसंच. हा उपाय किटच्या कागदावर कुठेही लिहिलेला नाही, आणि माझ्या मते याच्याशिवाय घरी कुठलाही गडद रंग जमणार नाही. शेवटी जो रंग जमला त्याचं माप वहीत लिहून ठेवलंय: बेस 7 मिली, लाल 16 थेंब, पातळ निळा 5 थेंब, पातळ काळा 4 थेंब, आणि तांब्याच्या झाकेची मायका अगदी चिमूटभर, काट्यावर 0.08 ग्रॅम. तुमच्या किटचा लाल वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण क्रम हाच ठेवा, आधी लाल, मग निळा, काळा सगळ्यात शेवटी.

काट्याचं बोलायचं तर तो किटमध्ये नाहीये आणि असायलाच हवा होता. सोनं मोजायचा असतो तसा छोटा काटा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, तो मला वेगळा घ्यावा लागला. किटच्या कागदावर 'आवडीनुसार पावडर घाला' एवढंच. आवडीनुसार म्हणजे किती? मी पहिल्या बाटलीत अर्धी पुडी ओतली, रंग दिसायला झकास, पण लावल्यावर चमक नाही आणि दुसऱ्याच दिवशी पोपडे. कारण पावडर जास्त झाली की कणांना धरून ठेवायला बेस पुरत नाही, थर ठिसूळ होतो. नुसती मायका वापरायची असेल तर 8 मिली बेसला पाव ग्रॅम, फार तर 0.3 ग्रॅम, त्याच्या पुढे जाऊ नका. दोन कोटात झाकलं गेलं नाही तर तिसरा कोट लावा, पण बाटलीत पावडर वाढवू नका.

अजून एक, रंग बाटलीत बघून ठरवू नका. बाटलीत तो दाट दिसतो, नखावर पातळ होतो आणि सुकला की पुन्हा थोडा गडद होतो. मी पारदर्शक नकली नखं आणली, त्यावर दोन कोट मारायचे, पूर्ण सुकू द्यायचं, मग गॅलरीत उन्हात नेऊन साडीच्या अंगावर ठेवून बघायचं. ट्यूबलाइटखाली माझा आमसुली चक्क तपकिरी दिसत होता आणि मी त्यात निळा वाढवायला निघाले होते, बरं झालं सकाळपर्यंत थांबले. सकाळी उन्हात तीच झाक, ती आमसुलाची. लग्नात मामीने माझा हात धरून म्हटलं, "अगं, नखं पण साडीतनंच काढलीस की काय!" आणि आजीने तर नखांवरून बोट फिरवून बघितलं.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, त्या स्टीलच्या गोळ्या. बाटलीत दोन-तीन टाकायच्या असतात, हलवल्या की रंग ढवळला जातो. मी पांढऱ्यात गुलाबी टाकून मोतिया रंगाची एक सुंदर बाटली केली होती, भाचीच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून. दीड महिन्याने काढली तर तळाशी, गोळी जिथे टेकलेली होती तिथे, काचेला चिकटून एक केशरी डाग, आणि हलवल्यावर त्याची रेघ फिरत फिरत अख्ख्या बाटलीत गेली आणि मोतिया होता तो कळकट पिवळा झाला. गंज. मग मी उरलेल्या गोळ्यांना फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं तर सगळ्या खाडकन चिकटल्या. नेलपेंटसाठी 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील लागतं, ते गंजत नाही आणि चुंबकालाही असं चिकटत नाही, हे त्यानंतर वाचलं. विकणाऱ्यांना फोटो पाठवले, त्यांचं उत्तर आलं की गोळ्या सॅम्पल म्हणून दिलेल्या असतात. हे मला अजिबात पटलेलं नाही. पैसे घेताना किटच्या यादीत गोळ्यांचा आकडा लिहिता ना तुम्ही, मग ते सॅम्पल कसं? तर तुमच्या किटमध्ये गोळ्या आल्या की आधी चुंबक लावा, आणि चिकटल्या तर टाकून द्या, सायकलच्या दुकानातले छर्रे तर वापरूच नका.

दुसरी तक्रार ग्लिटरची. तीनपैकी सोनेरी आणि चंदेरी चांगलं निघालं. लाल मात्र चार दिवसांत चंदेरी झालं! म्हणजे त्याचा लाल रंग सुटून बेसमध्ये उतरला आणि बेस गुलाबी झाला. हस्तकलेच्या सामानातलं साधं ग्लिटर असं करतं, नेलपेंटमधल्या सॉल्व्हंटमध्ये त्याचा रंग टिकत नाही. कुठलंही नवीन ग्लिटर आणलं की आधी थोड्या बेसमध्ये आठवडाभर भिजत ठेवून बघा, मगच अख्खी बाटली करा. रविवार पेठेत रेझिन आर्टचं सामान मिळतं तिथे मायका भरपूर मिळते आणि किटपेक्षा स्वस्त पडते, पण ग्लिटर घेताना हीच काळजी घ्या.

तिसरी तक्रार म्हणजे सुरक्षिततेबद्दल कागदावर एक ओळ आहे, 'आगीपासून दूर ठेवा', बास. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मुली हे रात्री किचनच्या ओट्यावर बसून करतात. नेलपेंटचा जो मुख्य पदार्थ, नायट्रोसेल्युलोज, जो सुकून नखावर कडक थर होतो, तो त्याच जातीचा आहे ज्याच्यापासून फाळक्यांच्या काळात फिल्मची रिळं बनायची. ती रिळं किती पटकन पेट घेतात हे पुणेकरांना सांगायला नको, 2003 साली इथेच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून किती जुने सिनेमे कायमचे गेले. बाटलीत तो पदार्थ पातळ केलेला असतो, पण ज्यात पातळ केलेला असतो ते इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेटही पेटणारंच, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टेबलावरून, जमिनीवरून पसरत लांबपर्यंत जाते. त्यामुळे गॅस, देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉईल यातलं काहीही चालू असलेल्या खोलीत हे करू नका. मी गॅलरीत करते, दुपारी, दार उघडं ठेवून. आणि एका वेळी एक-दोन बाटल्याच. सहा बाटल्या एकदम करायला बसले होते एकदा तर डोकं इतकं दुखलं की संध्याकाळी स्वयंपाकच झाला नाही. सांडलेलं पुसलेला कागद बाहेर पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाकायचा, बेसिनमध्ये काही ओतायचं नाही. लहान मुलं घरात असतील तर बेसची बाटली कपाटात वरच्या फळीवर.

मिसळायला पातळ प्लास्टिकचे, चहाचे डिस्पोजेबल कप घेऊ नका हेही राहिलंच सांगायचं, माझ्या कपाचा तळ पाच मिनिटांत चिकट होऊन टेबलक्लॉथला बसला. काचेची बाटलीच बरी, त्यातच सरळ मिसळा.

टिकण्याचं म्हणाल तर भांडी घासून, भाजी चिरून, सगळं करून मला चार दिवस टिकलं, खाली बेसकोट आणि वर टॉपकोट लावून. नुसतं लावलं तेव्हा दोन दिवसांत अंगठ्याची टोकं उडाली. दुकानातलं चांगलं नेलपेंटही माझ्या हाताला पाच दिवसांच्या वर टिकत नाही, त्यामुळे याला मी कमी मार्क देणार नाही. तीन महिन्यांनी बेस जरा दाट झाला, त्यात नेलपेंटच्या थिनरचे तीन थेंब टाकले की पुन्हा सरळ झाला. थिनरच टाका, रिमूव्हर नाही. रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने थोडा वेळ पातळ वाटतं आणि मग अख्खी बाटली दोरे सुटल्यासारखी होते. आणि दर वेळी बाटलीची मान पुसून मग झाकण लावा.

याच लोकांचं जेल नेलपेंटचं किटही आहे, युव्ही लॅम्पसकट. ते मी घेतलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका असंच सांगेन. जेलमधलं अ‍ॅक्रिलेट नीट कडक झालं नाही आणि कातडीला लागत राहिलं तर त्याची अ‍ॅलर्जी बसते, आणि एकदा बसली की ती सहसा जात नाही. घरी रंग टाकून दाट केलेला थर लॅम्पखाली आतपर्यंत कडक झालाय की नाही हे आपल्याला कळणार कसं? साधं नेलपेंट हवेवर सुकतं, त्यात ही भानगड नाही.

पैशाचं गणित सांगते. पूर्ण किट पुन्हा घेणार नाही. बेस सुटा, लिक्विड रंग सुटे, बाटल्या सुट्या आणि 316 च्या गोळ्या वेगळ्या, असं मी आता मागवलंय, आणि ज्यांना खरंच करून बघायचंय त्यांनी पण असंच घ्यावं, फक्त काटा विसरू नका. ज्यांना लाल, गुलाबी, न्यूड हेच लागतं त्यांनी दुकानातून घ्यावं, शंभर-दीडशेत चांगलं मिळतं, एवढा खटाटोप त्यासाठी करायची गरज नाही. पण एखाद्या साडीचा, एखाद्या फुलाचा नेमका रंग ज्यांच्या डोक्यात बसलाय त्यांच्यासाठी हे आहे. किटला पाचपैकी तीन. बेसला मात्र पाचपैकी पाच.

सध्या अबोलीच्या मागे लागलेय. लाल, पिवळा आणि पांढरा एवढंच लागणार असं वाटलं होतं, पण पांढरा वाढला की तो सरळ गुलाबी व्हायला लागतो आणि पिवळा वाढला की गाजर. काल चौथी बाटली केली, पांढरा 9 थेंब, पिवळा 6, लाल 3. कुंडीतली अबोली तोडून बाटलीशेजारी धरून बघितली, फुलाच्या पाकळीची कड जमलीये, मधला भाग अजून नाही. उद्या पिवळ्याचा अर्धा थेंब वाढवून बघणार आहे, पातळ करून. कुणाला आधी जमला तर माप नक्की सांगा.